एका गाण्याचं धनीपण: कोन्सुएलो वेलास्केस यांचं प्रकरण

‘बेसामे मूचो’ची चाल बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. गाण्याचं नाव ठाऊक नसलं, स्पॅनिशचा गंध नसला, तरी पहिल्या दोन ओळी वाजल्या की ओळख पटते. हे गाणं कोणाचं, असं विचारलं की मात्र भलतीच नावं पुढे येतात. कोणी बीटल्स म्हणतं, कोणी आंद्रेआ बोचेल्ली, कोणी डायना क्रॉल, तर जुने ऐकणारे ट्रिओ लोस पांचोस. ज्या बाईंनी ते रचलं, त्या कोन्सुएलो वेलास्केस यांचं नाव घेणारा क्वचितच भेटतो. ज्याला नाव माहीत असतं, त्याच्याकडेही बहुधा एकच गोष्ट असते: मेक्सिकोतल्या एका कोवळ्या मुलीने, स्वतः कधी चुंबनाचा अनुभव घेतलेला नसताना, ‘माझी खूप चुंबनं घे’ असं म्हणणारं गाणं लिहिलं.

ही गोष्ट बाईंनी स्वतःच अनेकदा सांगितली होती, तेव्हा तिच्यावर अविश्वास दाखवण्याचं कारण नाही. पण या गोष्टीने त्यांचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. एका निरागस मुलीला गाणं आपसूक सुचलं, एवढंच तिच्यातून उरतं. वर्षानुवर्षं पियानोवर घासलेली बोटं, रेडिओवरची नोकरी, पुढे संगीतकारांच्या हक्कांसाठी चालवलेली संस्था, यातलं काही तिच्यात येत नाही. लॅटिन अमेरिकेतली कितीतरी गाणी परदेशात गेली आणि तिथलीच होऊन बसली. हे गाणं जगभर फिरूनही कागदोपत्री आपल्या रचनाकर्तीच्या नावावर राहिलं, आणि तरीही ऐकणाऱ्यांच्या मनात तिचं नाव उरलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडल्या, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

हालिस्को ते मेक्सिको सिटी

कोन्सुएलो यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१६ चा, हालिस्को राज्यातल्या स्यूदाद गुस्मान या गावचा. गावाचं जुनं नाव सापोत्लान. भित्तिचित्रकार होसे क्लेमेंते ओरोस्को, कथाकार हुआन होसे आर्रेओला आणि संगीतकार होसे रोलोन हे तिघंही याच गावचे. वडील लष्करात होते आणि त्यांना कवितेची आवड होती. कोन्सुएलो लहान असतानाच ते गेले आणि घर ग्वादालाहारा शहरात आलं. तिथे रामोन सेर्रातोस या नावाजलेल्या पियानोवादकाच्या हाताखाली त्यांचं शिक्षण सुरू झालं. पुढे मेक्सिको सिटीत जाऊन त्यांनी मैफली पियानोवादक आणि संगीतशिक्षिका अशी रीतसर पात्रता मिळवली. १९३८ मध्ये देशातल्या सर्वांत मानाच्या रंगमंचावर, पालासिओ दे बेयास आर्तेसमध्ये, त्यांचं वादन झालं.

इथे एक हिशेब मांडून पाहावा. दंतकथेतली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची आहे. गाणं छापून आलं १९४१ मध्ये, तेव्हा कोन्सुएलो पंचविशीच्या उंबरठ्यावर होत्या. काही ठिकाणी त्यांचं जन्मवर्ष १९२० किंवा १९२४ असं छापलेलं आढळतं, त्यामुळे दंतकथेतल्या मुलीचं वय आणखी खाली येतं. चालीचा पहिला तुकडा त्यांना किशोरवयात सुचलाही असेल. लोकांसमोर आलेलं गाणं मात्र बेयास आर्तेसमध्ये वाजवून आलेल्या बाईंचं होतं.

‘बेसामे मूचो’ हे बोलेरो या प्रकारातलं गाणं. त्यांनी बोलेरोच का निवडला? पाश्चात्त्य संगीताच्या मराठी श्रोत्याला बोलेरो म्हटलं की राव्हेलची १९२८ सालची वाद्यवृंद रचना आठवते. ती स्पॅनिश नृत्याच्या तीन मात्रांच्या चालीवर आहे आणि तिचा इथे संबंध नाही. हा बोलेरो क्यूबाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांतिआगो दे कूबामध्ये पेपे सांचेस या शिंपीकाम करणाऱ्या गायकाने त्याला रूप दिलं. गिटारच्या साथीने गायचं, सम मात्रांतलं, संथ लयीचं प्रेमगीत असं त्याचं रूप होतं. युकातानच्या बंदरांवरून ते मेक्सिकोत उतरलं. १९३० मध्ये एमिलिओ आस्कार्रागा यांचं एक्सईडब्ल्यू हे जबरदस्त ताकदीचं रेडिओ केंद्र सुरू झालं आणि बोलेरो घराघरांत पोचला. आगुस्तिन लारा या पियानोवर बसून गाणाऱ्या संगीतकाराने त्याला शहरी, रात्रीचा, जरासा बदनाम रंग दिला. १९३८ मध्ये त्याच समूहाचं एक्सईक्यू हे दुसरं केंद्र निघालं आणि तिथे कोन्सुएलो वाजवू लागल्या.

रेडिओला आवाज बायकांचे हवे असत. तोन्या ला नेग्रासारख्या गायिकांवर केंद्रं चालत. गाणी रचणारे मात्र बहुतेक पुरुष. मारिआ ग्रेव्हेर हा मोठा अपवाद, पण त्यांचं बरंचसं काम न्यूयॉर्कमधून चालायचं. हवानामध्ये इसोलीना कार्रियो होत्या, ‘दोस गार्देनिआस’च्या रचनाकार. त्याही पियानोवादकच. यात मला एक सूत्र दिसतं. चांगल्या घरच्या मुलीने पियानो शिकणं प्रतिष्ठेचं होतं, गिटार घेऊन गुत्त्यात बसणं नव्हतं. बोलेरोच्या दुनियेत बाईला संगीतकार म्हणून शिरायला जे एक दार उघडं होतं, ते पियानोच्या बाजूचं होतं.

गाण्याच्या आत

आता गाणं जवळून पाहू, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे.

एन्रिके ग्रानादोस या स्पॅनिश संगीतकाराची ‘गोयेस्कास’ ही पियानोसाठीची मालिका १९११ ची. तिच्यात एका तरुणीचा आणि बुलबुलाचा संवाद असलेली रचना आहे. पुढे ग्रानादोस यांनी याच मालिकेवरून ऑपेरा रचला. तो जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आला, आणि परतीच्या प्रवासात जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी कोन्सुएलो जन्मल्या. बुलबुलाच्या त्या रचनेची मुख्य धून आणि ‘बेसामे मूचो’ची पहिली ओळ लागोपाठ ऐकली की नातं लगेच कळतं. मैफलीत वाजवणाऱ्या स्पॅनिशभाषक पियानोवादकाच्या बोटांत ग्रानादोस मुरलेला असणारच. ग्रानादोसनेही ती धून वालेन्सियाच्या एका लोकगीतावर बेतली होती. उसनवारीचा आरोप करणाऱ्यांनी ही साखळी मागेपर्यंत पाहावी.

ग्रानादोसची धून मोकळ्या लयीत, दागिन्यांनी मढलेली, पानभर पसरते. कोन्सुएलो यांनी तिचा फक्त उसासा घेतला आणि चार मात्रांच्या ठेक्यावर बसवला. गाण्याचे शब्द मोजकेच आहेत. आजची रात्र शेवटचीच असावी तसं माझं चुंबन घे, तू हरवशील अशी भीती वाटते. तुला अगदी जवळ धरायचंय, तुझ्या डोळ्यांत स्वतःला पाहायचंय, कारण उद्या कदाचित मी इथून खूप दूर असेन. एवढाच मजकूर. सुखाचा उल्लेख जवळजवळ नाही. हे निरोपाचं गाणं आहे.

चाल मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या छायेत सुरू होते आणि षड्जाच्या कॉर्डवरून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छावरून, मध्यमाच्या कॉर्डकडे झुकून परत येते. इथवर कोणीही केलं असतं. मग पहिलीच ओळ पुन्हा येते तेव्हा खालची कॉर्ड बदलते. कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार आणि सोबत कोमल निषाद. विनवणी तीच असते, पण आता ती जागेवर थांबत नाही, मध्यमाकडे ओढली जाते. त्यानंतर हरवण्याच्या भीतीची ओळ. त्या ओळीच्या शेवटाकडे, हरवण्याचा उच्चार दुसऱ्यांदा होतो तिथे, शुद्ध रिषभावरची कॉर्ड येते आणि तिच्यासोबत तीव्र मध्यम डोकावतो. तो पंचमावर सुटतो आणि पंचमावरून गाणं घरी येतं. क्षणभर पायाखालची जमीन हलावी तसा हा तीव्र मध्यम लागतो. आपण चालच गुणगुणत असतो, पण अंगावर काटा येतो तो खालच्या कॉर्डमुळे. हार्मोनियमवर नुसती सुरावट वाजवून पाहा आणि मग कॉर्डसकट वाजवा. फरक कानांना लगेच कळेल.

लयीतही कारागिरी आहे. ‘आजची रात्र शेवटचीच’ या ओळीत तीन-तीन स्वरांचे गट दोन-दोन मात्रांत पसरले आहेत. खाली बोंगो आणि मराका सरळ सम मात्रांत चाललेले, वर गायक तीन-तीनच्या गटांत तरंगणारा. आवाज ठेक्याला धरूनही नाही आणि सोडूनही नाही. म्हणूनच जॅझवाल्यांना हे गाणं इतकं मानवलं, त्यांना हवी ती ढिलाई रचनेतच होती. ब्राझीलच्या जुआंव जिल्बेर्तोने १९७७ च्या आपल्या अल्बममध्ये ते जवळजवळ कुजबुजत, मिनिटांमागून मिनिटं संथ गायलं, तरी सांगाडा डळमळला नाही. अशी गाणी नुसत्या भाबडेपणातून येत नाहीत.

न्यूयॉर्कचा रस्ता

गाणं चांगलं होतं म्हणून जगभर गेलं, हे अर्धंच खरं. तेवढीच चांगली गाणी मेक्सिकोत राहिली. या गाण्याच्या वाटेत बाजारातल्या दोन भांडणांनी दारं उघडून ठेवली होती.

पहिलं भांडण रेडिओचं. अमेरिकेत गाण्यांच्या प्रसारणाची रक्कम गोळा करणाऱ्या आस्कॅप या संस्थेचं रेडिओ कंपन्यांशी बिनसलं आणि १९४१ च्या जानेवारीपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत मोठ्या केंद्रांवर आस्कॅपची गाणी बंद राहिली. रेडिओवाल्यांनी उभी केलेली प्रतिस्पर्धी संस्था बीएमआय हिला गाण्यांची गरज होती. राल्फ पीर या प्रकाशकाने मेक्सिको आणि क्यूबातल्या रचनांचे हक्क आधीच गोळा करून ठेवले होते आणि तो बीएमआयच्या बाजूने होता. अमेरिकी घरांत त्या वर्षी एकदम लॅटिन चाली घुमू लागल्या त्या अशा. ‘बेसामे मूचो’ छापणारी प्रोमोतोरा इस्पानो आमेरिकाना दे म्युसिका ही पीरच्याच जाळ्यातली मेक्सिकन कंपनी.

दुसरं भांडण वादकांचं. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. डेक्का कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्ये तडजोड केली. व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन बड्या कंपन्या मात्र १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून राहिल्या. मधल्या वर्षभरात वाद्यवृंदासह ताजी तबकडी काढायची मोकळीक मोठ्या कंपन्यांपैकी डेक्काकडेच होती. जिमी डॉर्सीचा बँड डेक्काचा. बॉब एबर्ली आणि किटी कॅलन यांच्या आवाजातली त्याची तबकडी १९४४ च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. बाहेर महायुद्ध पेटलेलं, लाखो तरुण आघाडीवर आणि उद्याचा भरवसा कोणालाच नाही. उद्या दूर असेन म्हणणाऱ्या गाण्याला याहून वेगळा श्रोता कशाला हवा होता?

मात्र डॉर्सीच्या तबकडीतले शब्द कोन्सुएलो यांचे नव्हते. सनी स्कायलरने इंग्रजीत नवे शब्द लिहिले होते, त्यात स्वर्गीय संगीत होतं, स्वप्नं होती. मूळची धास्ती पातळ झाली होती. चालीतला तीव्र मध्यम सुदैवाने कोणी काढू शकलं नाही. तेव्हापासून छापील प्रतींवर दोन नावं दिसतात. त्या काळच्या प्रकाशन व्यवहाराची हीच रीत होती. परभाषेतलं गाणं घ्यायचं, स्थानिक गीतकाराकडून शब्द लिहून घ्यायचे आणि उत्पन्नात त्याचा वाटा ठेवायचा. मारिआ ग्रेव्हेर यांच्या १९३४ च्या बोलेरोचंही असंच झालं. डायना वॉशिंग्टनने १९५९ मध्ये गायलेल्या इंग्रजी रूपाला ग्रॅमी मिळालं आणि ते मेक्सिकन बाईंचं गाणं आहे हे आजही अनेकांना सांगावं लागतं. त्या तुलनेत कोन्सुएलो नशीबवान, कारण त्यांच्या गाण्याचं स्पॅनिश नाव टिकलं. डॉर्सीच्या गायकांनाही ते स्पॅनिश शब्द उच्चारावेच लागले, आणि त्यामुळे गाण्याचं मूळ गाव कोणाला पुसता आलं नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगितला तरी पुरे. १ जानेवारी १९६२ रोजी लंडनमध्ये डेक्कासमोर चाचणी देताना बीटल्सनी ज्या पंधरा गाण्यांवर भिस्त ठेवली, त्यांत हे होतं. १९८० च्या एका गाजलेल्या सोव्हिएत चित्रपटात ते ऐकू येतं. केप व्हर्देच्या सेझारिया एव्होराने ते आपल्या बेटांच्या उदास आवाजात गायलं. आपल्याकडे मुंबईच्या हॉटेलांतून वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांच्या पोतडीत लॅटिन नाचाच्या चाली असायच्याच. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणाऱ्या त्या मंडळींना हे गाणं परकं नव्हतं.

नंतरची साठ वर्षं

पंचविशीत एवढं यश मिळालेल्या माणसाने पुढे काय करावं? कोन्सुएलो हॉलिवूडला गेल्या नाहीत. एक्सईक्यूचे कलासंचालक मारिआनो रिव्हेरा कोंदे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ते पुढे आरसीए व्हिक्टरच्या मेक्सिको शाखेत कलाकार घडवणारे वजनदार गृहस्थ झाले. नवऱ्याच्या ओळखीने बाई मोठ्या झाल्या असं म्हणायचा मोह काहींना होतो, पण तारखा त्याला साथ देत नाहीत. गाणं लग्नाच्या आधीच छापलं गेलं होतं. लग्नानंतर त्यांनी वादनाच्या मैफली बाजूला ठेवल्या आणि रचना चालू ठेवल्या. दोन मुलं झाली. त्यांतल्या एकासाठी लिहिलेलं ‘काचीतो’ नॅट किंग कोलने १९५८ च्या आपल्या स्पॅनिश अल्बममध्ये गायलं. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, शब्द नुसत्या उच्चारावरून पाठ केले होते. तरी गाणं लाडिक आणि नेमकं उतरलं आहे.

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग यापुढचा. कोन्सुएलो मेक्सिकोच्या लेखक-संगीतकारांच्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या आणि अशा संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या उपाध्यक्षही. १९७९ ते १९८२ या काळात त्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात होत्या. गाणं लिहिण्यापेक्षा हे काम रुक्ष. कोणत्या देशात कोणत्या केंद्राने किती वेळा काय वाजवलं, त्याचा हिशेब मागायचा, करार वाचायचे, प्रकाशकांशी वाटाघाटी करायच्या. पण आपल्या एका गाण्याची शेकडो रूपं डझनावारी भाषांत फिरताना पाहिलेल्या बाईला या कामाची निकड जितकी कळली असेल तितकी क्वचितच कोणाला कळली असेल. शिवाय त्या एकट्यासाठी भांडत नव्हत्या. बोलेरो रचणाऱ्यांत गरीब, हक्क मातीमोल विकून बसलेले, चार पैशांसाठी चाल देऊन टाकणारे किती तरी होते. ज्यांचं एकही गाणं परदेशी गेलं नाही त्यांनाही रेडिओच्या प्रत्येक वादनामागे वाटा मिळावा, यासाठी ही यंत्रणा होती.

मेक्सिकोच्या कायद्यात २००३ मध्ये बदल होऊन लेखकाच्या मृत्यूनंतरची शंभर वर्षं हक्क राहतो असं ठरलं. कोन्सुएलो २२ जानेवारी २००५ रोजी मेक्सिको सिटीत वारल्या, तेव्हा त्या ८८ वर्षांच्या होत्या. म्हणजे मायदेशी त्यांच्या रचना २१०५ पर्यंत संरक्षित आहेत. भारतीय कायद्यात मृत्यूनंतर साठ वर्षं धरतात, त्या हिशेबाने इथे २०६५ अखेरपर्यंत. शंभर वर्षं फार आहेत असं मलाही वाटतं, पण तो वेगळ्या चर्चेचा विषय. इथे मुद्दा एवढाच की कागदावर हे गाणं कधीच अनाथ झालं नाही.

मग ऐकणाऱ्याच्या मनातून नाव का निसटलं? एक कारण उघड आहे. बोलेरो आवाजाने ओळखला जातो. आपण लुचो गातिका ऐकतो, लुईस मिगेल ऐकतो, रचणारा तबकडीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत असतो आणि आता मोबाइलच्या पडद्यावर तेवढाही नसतो. दुसरं कारण खुद्द या गाण्यात आहे. ते इतकं मोठं झालं की कोन्सुएलो यांच्या बाकीच्या रचना त्याच्या सावलीत गेल्या. लारांचं नाव टिकलं, कारण लोकांना त्यांची वीस गाणी एकत्र आठवतात आणि वीस गाण्यांतून एक माणूस उभा राहतो. एका गाण्यातून माणूस उभा राहत नाही, फक्त किस्सा तयार होतो. २०२३ मध्ये क्यूबा आणि मेक्सिकोचा बोलेरो युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आला, तेव्हाही कोन्सुएलो यांच्याबद्दल बोलायचं तर याच एका गाण्याबद्दल.

म्हणून ज्यांना या बाईंपर्यंत पोचायचं आहे त्यांनी ‘बेसामे मूचो’ थोडं बाजूला ठेवावं आणि आधी ‘आमार ई विविर’ ऐकावं. माझं तुझ्यावर प्रेम आहे हे लोकांना का कळू नये, असा सरळ प्रश्न टाकून ते सुरू होतं. जन्म एकदाच मिळतो, तेव्हा लपवाछपवीत तो घालवायचा नाही, असं ते ठामपणे सांगतं. चाळीसच्या दशकातल्या मेक्सिकोत एका बाईने हे लिहावं, याचं मोल मोठं आहे. त्यानंतर ‘वेर्दाद आमार्गा’ घ्यावं. काळीज फाटलं तरी खरं बोलून टाकायचं असा निर्धार करून बोलणारी व्यक्ती त्यात आहे. इथे विनवणी नाही, समोरच्याच्या उत्तराची वाटही पाहिलेली नाही. मग ‘के सेआस फेलीस’, जाणाऱ्याला सुखी राहा म्हणणारं. ही तीन गाणी ओळीने ऐकली की चुंबनाची वाट पाहणारी ती मुलगी डोळ्यांसमोर येत नाही. प्रेमाची बोलणी बरोबरीच्या नात्याने करणारी एक प्रौढ बाई ऐकू येते, आणि तिच्या प्रत्येक ओळीखाली कॉर्ड कुठे वळवायची हे नेमकं ठाऊक असलेला हात.